सोडियम घसरलं म्हणून मीठ? हृदयरुग्णाला नको

ऊन तापलं की कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: 'सोडियम कमी आलं? मीठ वाढवा, दिवसभर ओआरएस आणि भरपूर पाणी प्या, लघवीच्या गोळ्या थांबवा.' जुलाबाने सुकलेल्या धडधाकट माणसाला यातलं थोडं लागू पडेल. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेल्या पेशंटला हे महागात पडतं.

'मीठ कमी पडलं.' बहुतेकदा उलटंच असतं. हृदयाचा जोर कमी झाला की शरीराला पाणी घटल्यासारखं वाटतं, व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखायला लावणारं हार्मोन स्रवतं आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. पायांवर सूज आहे म्हणजे अंगात मीठही जास्त साठलंय, पाणी त्याहून जास्त. समजा रिपोर्टात सोडियम १२६ आलं, म्हणजे कमी. ही पाणी जास्त झालेली आमटी. वर मीठ घातलं तर तहान वाढते, सूज वाढते आणि रात्री आडवं पडताच धाप लागते. सैंधवही मीठच, बरं का.

'ओआरएसने सोडियम भरून निघतं.' साधा हिशोब करा. लिटरभर ओआरएसमध्ये सोडियम ७५ मिलिमोल, या पेशंटच्या रक्तात लिटरला १२६. म्हणजे हे पाणी रक्ताहून पातळ, आणि जादा पाणी बाहेर टाकणं मूत्रपिंडांना जमत नाहीये. आकडा आणखी खाली जाऊ शकतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर तो वेगळाच धोका.

'भरपूर पाणी प्या.' अशा वेळी डॉक्टर बहुधा दिवसाचं एकूण द्रव १ ते १.५ लिटरवर आणतात. अमृततुल्यचा चहा, ताक, पन्हं, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. ठरलेलं पाणी सकाळी एका भांड्यात भरून ठेवा. १०० मिली चहा घेतला की भांड्यातलं तेवढं पाणी काढून टाका.

'गोळ्या थांबवा.' इथे अर्धं सत्य आहे. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन या लघवीच्या औषधांनी सोडियम खरंच घसरतं, आणि ती बरेचदा दोन औषधं एकत्र असलेल्या बीपीच्या गोळीत लपलेली असतात. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचून डॉक्टरांना सांगा. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड हे लघवीचं औषध मात्र साचलेलं पाणी काढतं. ते मनाने बंद केलं तर फुफ्फुसात पाणी भरतं. उलट्या-जुलाब चालू असतील तर हिशोब बदलतो, त्याच दिवशी दाखवा.

घरी रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करा. ३ दिवसांत २ किलो वाढलं तर फोन करा. बरळणं, फिट, अति गुंगी दिसली तर १०८ बोलवा. दवाखान्यातही 'पटकन सोडियम चढवा' म्हणून मागे लागू नका: २४ तासांत ते लिटरला साधारण ८ मिलिमोलहून जास्त वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. टोल्व्हॅप्टन हे व्हॅसोप्रेसिनला अडवून सोडियम वाढवणारं औषध दवाखान्यात भरती करूनच सुरू करतात, ते याचसाठी.