फावडं मी मारलंय, भाऊ

कन्व्हेयर पट्टा, म्हणजे कोळसा-खडी वाहून नेणारा फिरता रबरी पट्टा, स्क्रॅपरने (चिकटलेला माल खरवडणाऱ्या ब्लेडने) साफ ठेवण्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर धुळ्याकडच्या एका खडी क्रशरवाल्या वाचकांची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी जशीच्या तशी देतो :

"लेख छान, पण पुस्तकी. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी पट्ट्याखाली फावडं मारलेलं दिसत नाही. स्क्रॅपर म्हणजे कंपन्यांचा माल खपवायचा धंदा. ब्लेड महिन्यात झिजतं. माझ्याकडे दोन माणसं फावडी घेऊन असतात, पट्टा बंद करावा लागत नाही, वीस वर्षांत काही झालेलं नाही. क्लिप जॉइंटबद्दल एक ओळ नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते बघून लिहीत चला."

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी रात्री वाचली, सकाळी उठून पुन्हा वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर नको ते शब्द गेले असते, म्हणून दोन दिवस थांबलो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. क्लिप जॉइंटचा, म्हणजे पट्ट्याची टोकं धातूच्या क्लिपांनी जोडतात त्या जोडाचा, मुद्दा लेखात राहिला, ही माझी चूक. क्लिप पट्ट्याच्या वर उचललेली राहिली तर दर फेरीला ब्लेडवर आपटते, आणि टंगस्टन कार्बाइडची टोकं असतील तर ती तिथेच उडतात. जोड मारतानाच वरचं रबर क्लिपच्या जाडीइतकं तासून क्लिप खाली बसवायची, आणि तरीही अशा पट्ट्याला पॉलियुरेथेनचं (चिवट, लवचिक प्लास्टिकचं) ब्लेड बरं, ते थोडं दबून क्लिपला वाट देतं. हे लेखात यायला हवं होतं. आजच घातलं. मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

पण हीच गोष्ट "तुमचं हे राहिलं बुवा" असं म्हणूनही सांगता आली असती. "आयुष्यात कधी फावडं मारलेलं दिसत नाही" हे कुठल्या आधारावर लिहिलंत? तुम्ही मला ओळखत नाही, कधी भेटला नाहीत. शुद्ध भाषेत चार ओळी लिहिल्या की माणूस ऑफिसातला ठरतो का?

ऐका मग. मी भुसावळचा. आयटीआयला फिटर झालो आणि एका ठेकेदाराकडे कोळशाच्या पट्ट्यावर लागलो. कोणत्या प्लांटवर ते लिहीत नाही. कागदावर फिटर होतो, पण पहिली दोन वर्षं हातात पाना कमी आणि फावडंच जास्त. रात्रपाळीला कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून न्यायचो आणि खाताना बोटांचा काळा रंग भाकरीला लागायचा. पावसाळ्यात ओला कोळसा भिजवलेल्या कणकेसारखा होतो. हेड पुलीवर, म्हणजे पट्ट्याच्या पुढच्या टोकाच्या चाकावर, माल शूटमध्ये (खालच्या घसरगुंडीत) पडतो, पण बारीक भुकटी पाण्यासकट पट्ट्याला चिकटून तशीच परत येते. वाटेत, परतणाऱ्या पट्ट्याला खालून आधार देणाऱ्या प्रत्येक रिटर्न रोलरला थोडी थोडी बसते. मनगटाएवढा रोलर चार दिवसांत मांडीएवढा होतो, आणि तोही गोल नाही, एका बाजूला फुगलेला. मग पट्टा धप् धप् उडत चालतो, एका कडेला सरकतो आणि सांगाड्याला घासून त्याची किनार दोऱ्यासारखी उसवते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्या आवाजावरून कुठला रोलर फुगलाय ते अंधारात सांगता यायचं मला.

असंच एका श्रावणातल्या रात्री टेल पुलीवर, म्हणजे मागच्या टोकाच्या चाकावर, कोळसा बसला होता. शिफ्टवाल्याने सांगितलं, पट्टा बंद करायचा नाही, वर बंकर (कोळशाची साठवण टाकी) रिकामा होतोय. मी लोखंडी पट्टी घेऊन चालू पुलीवरचा थर खरवडायला बसलो. पट्टीचं टोक पुली आणि पट्ट्याच्या सांध्यात गेलं. पट्टा सेकंदाला दोन मीटर चालत होता. माणसाला धोका कळून हात सोडेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात पट्टा अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. पट्टी गेली आणि पट्टीमागे हात गेला. सोबतच्या खलाशाने (मदतनिसाने) पट्टा थांबवायची दोरी, पुल-कॉर्ड, ओढली म्हणून हात राहिला. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंतच आहे. लग्नात अंगठी उजव्या हातात घातली. ठेकेदाराने दवाखान्यात नेलं आणि कागदावर लिहिलं, घरी विळ्याने कापलं. चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी, जुळवणी खास शिकवलेल्या प्रौढ माणसानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करायची, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २२ मध्ये तेव्हा लिहिलेलं होतं. माझ्या अंगात त्या रात्री भावाचा ढगळ सदरा होता आणि गळ्याला गमछा.

झालं समाधान? बोट दाखवून मान मिळवायची मला हौस नाही, पण तुम्ही विचारलंत.

आता त्या पट्ट्याला स्क्रॅपर होता की नाही, असं विचाराल. होता. लोखंडी अँगलला जुन्या पट्ट्याचा तुकडा बोल्टने मारलेला. पुष्कळ जण अजून तेच करतात, तुमच्याकडेही तेच असेल तर नवल नाही. त्या तुकड्यात खडे रुततात आणि तो चालत्या पट्ट्यालाच कानशीसारखा खातो. असला जुगाड बघून "स्क्रॅपरने काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांशी मी गेली तीस वर्षं भांडतोय.

ब्लेड महिन्यात झिजतं म्हणता. काढलेलं ब्लेड टाकून दिलं नसेल तर हातात घ्या आणि बघा. मधोमध चंद्रकोरीसारखा खळगा पडलाय आणि दोन्ही कडा जशाच्या तशा आहेत का? तसं असेल तर ब्लेड मालाच्या रुंदीपेक्षा जास्त रुंद बसवलंय. माल पट्ट्याच्या मध्यावर असतो, म्हणून मध्य झिजतो. कडा झिजत नाहीत आणि त्याच ब्लेडला पट्ट्यापासून दूर धरून ठेवतात. मग खळग्यातून ओला डस्ट आरामात परत जातो. तुमचा माणूस काय करतो? स्प्रिंग आणखी आवळतो. जास्त दाबाने जास्त साफ होतं हा गैरसमज आहे. पॉलियुरेथेन वाकतं, धार उलटून ब्लेडची पाठ घासायला लागते, तापतं, आणि महिन्यात संपतं. आणि पहिला स्क्रॅपर हेड पुलीच्या तोंडावर, मालाच्या झोताच्या खाली बसवलाय की झोतातच, तेही बघा. झोतात असेल तर खडीच ब्लेड खाते, त्याला ब्लेड काय करणार? एकाने सगळं निघत नाही, म्हणून पट्टा पुली सोडतो तिथे दुसरा लागतो, आणि टेल पुलीच्या आधी आतल्या बाजूला व्ही आकाराचा नांगर, सांडलेला खडा पुलीत जाऊ नये म्हणून. हे सगळं लेखात होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

कंपन्यांच्या धंद्याबद्दल : मी कोणाचा एजंट नाही, लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. यावर जास्त लिहीत नाही.

वीस वर्षांत काही झालं नाही, याबद्दलही नाही. माझ्याही ठेकेदाराच्या कागदावर काही झालेलं नव्हतं.

त्या दोन माणसांचं मात्र लिहितो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ती खर्चाच्या बाजूला आली आहेत. फावड्याने पट्टा साफ होत नाही, पट्ट्याने टाकलेलं उचललं जातं. रोलरवर बसलेलं तिथेच राहतं, आणि ते काढायला कोणीतरी कधीतरी चालू पट्ट्याखाली सळई घालतोच. "शेठ, बंद करा" म्हणायची त्याची हिंमत नसते. माझीही नव्हती.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगी माहेरी येईल, तिला परत धुळ्याला सोडायला मीच येणार आहे. पत्ता कळवा, ब्लेड आणि जोड दोन्ही बघून देतो, पैसे नकोत. मात्र मी येईन तेव्हा पट्टा बंद असू द्या, मेन स्विचला कुलूप असू द्या, आणि किल्ली त्या दोघांपैकी एकाच्या खिशात. तुमच्या नाही.