आकडा 275, पण इंजिन कोणतं?

पोळा झाला की जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. विकणारा सांगतो, "दोनशे पंच्याहत्तर आहे भाऊ, इंजिनला हात लावला नाही." घेणारा तेवढ्यावर बयाणा देऊन मोकळा. 275 म्हणजे महिंद्राच्या ट्रॅक्टरचा मॉडेल नंबर. माझं स्पष्ट मत आहे की तो ऐकून जुना ट्रॅक्टर घेऊ नये. हा आकडा साठ वर्षं टिकला, त्याच्या बॉनेटखालचं इंजिन नाही.

मूळ यंत्र इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीचं. तिच्या ब्रिटनमधल्या शाखेने 1956 मध्ये बी-250 काढला आणि 1958 मध्ये बी-275. इकडे 1963 मध्ये महिंद्रा, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी केली. 1965 पासून बी-275 भारतात तयार होऊ लागला. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली आणि 1983 पर्यंत महिंद्रा देशात विक्रीत पहिल्या नंबरावर पोचली. गंमत म्हणजे मूळ हार्वेस्टरने 1985 मध्ये शेती यंत्रांचा धंदाच विकून टाकला. माहेर बुडालं, लेक इथे नांदते आहे. आपल्या नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीतही आता महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात.

जुन्या बी-275 चं इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे 2350 सीसी, 35 हॉर्सपॉवर. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कप्प्यात फवारलं जायचं. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता ओढून घेतात, म्हणून थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय इंजिन उठत नाही आणि डिझेलही जास्त लागतं. आजच्या 275 डीआय टीयूमध्ये तीन सिलिंडर, 2048 सीसी, 39 हॉर्सपॉवर. डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात पडतं. "तीन सिलिंडर म्हणजे दम कमी" हे पानठेल्यावरचं ज्ञान. जुन्याचा एक सिलिंडर 590 सीसीच्याही आतला, नव्याचा 680 च्या वर, आणि स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, लांब, 110 मिलिमीटर. ओढ लागल्यावर कमी आरपीएमला टिकून राहतो तो त्यामुळे. म्हणून बॉनेट उघडल्यावर आधी डिझेल फवारणारे नोझल किती ते मोजा, एका सिलिंडरला एक असतो, हेडला हीटर प्लग आहेत का बघा. पिस्टन, लायनर, गॅस्केट यातलं काहीही एकाचं दुसऱ्याला बसत नाही. मधल्या काळातली गाडी असेल तर इंजिन नंबर दिल्याशिवाय पार्ट मागवूच नका.

जुन्याची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. आठ पुढचे, दोन मागचे गिअर, डिफरेन्शियल लॉक आणि डिस्क ब्रेक, हे सगळं त्याच्यात तेव्हापासून होतं. हा लॉक मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवतो, काळ्या मातीत एक चाक जागेवर फिरायला लागलं की तो लागतोच. पण चाक जोरात फिरत असताना तो दाबू नका, क्लच दाबून चाक थांबवा, मग लावा. आणि वळणाआधी सोडा. लॉक लावूनच धुऱ्यावर वळवणाऱ्याच्या गाडीचे डिफरेन्शियलचे गिअर जातात, मग दोष कंपनीला.

जुन्या कोरड्या डिस्क ब्रेकचा शत्रू ऑइल सील. सील गळला की गिअरबॉक्सचं तेल लायनिंगवर येतं, आणि कितीही आवळा, ब्रेक घसरतोच. भंडारा-गोंदियाकडे चिखलणी केलेल्या गाडीत हे आधी पाहा. मोकळ्या जागेत दोन्ही पायडल जोडून हळू वेगात ब्रेक मारा. गाडी एका अंगाला ओढली तर ब्रेक कमी-जास्त आवळलेत किंवा एका बाजूला तेल आलं आहे.

इंजिन थंड असतानाच पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड होऊ द्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-लायनर गेले असं धरून भाव करा. भार नसताना काळा धूर आला तर एअर क्लीनर तुंबला असेल किंवा नोझल खराब असतील, हे स्वस्तातलं काम. सोयाबीनच्या थ्रेशरवर चाललेल्या गाडीचा ऑइल-बाथ क्लीनर (हवेतली धूळ तेलात पकडणारा एअर क्लीनर) उघडून बघाच. तळाशी गाळ साचला असेल तर इंजिनने किती धूळ खाल्ली ते कळतं. त्यात तेल खुणेपर्यंतच, वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

लिफ्टवर रोटाव्हेटर उचला, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटं दूर उभे राहा. भराभर खाली बसला तर रॅमचे (लिफ्ट उचलणाऱ्या पिस्टनचे) सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय.

क्लच सिंगल की ड्युअल, हेही विचारा. सिंगल असेल तर क्लच दाबला की पीटीओही, म्हणजे औजार फिरवणारा मागचा शाफ्टही, थांबतो, रोटाव्हेटरवाल्याला ते जमणार नाही. आणि 39 हॉर्सपॉवरला पाच फुटीच रोटाव्हेटर. सात फुटी ओढायचा असेल किंवा भारी काळ्या रानात दोन फाळी पलटी नांगर खोल चालवायचा असेल तर 275 बघूच नका, 50 च्या घरातला घ्या.