उरीयाची बायको

डिसेंबर लागला की आमच्या चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, वाचायला कुणाच्या तरी वाट्याला येतो, आणि ज्याच्या वाट्याला येतो तो पाळकसाहेबांकडे केविलवाणं बघतो. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. जरुब्बाबेलपाशी जीभ हमखास अडखळते आणि मागच्या बाकावरची पोरं खुसखुसतात.

यंदा पाळी माझी होती. फजिती नको म्हणून घरी चार-पाच वेळा मोठ्यानं वाचलं आणि दर वेळी सहाव्या वचनापाशी अडले. तिथलं नाव अवघड आहे म्हणून नव्हे, तिथं नावच नाही म्हणून. दावीद राजाला शलमोन झाला तो ‘उरीयाच्या बायकोपासून’. तामार, राहाब, रूथ या बायकांची नावं घेणाऱ्या मत्तयाला उरीयाची ही बायको, बथशेबा, ठाऊक नव्हती असं थोडंच आहे! (तिचंही नाव घातलं असतं तर बरं झालं असतं, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.)

हा उरीया हित्ती, म्हणजे परका. दाविदाचा शिपाई. त्याच्या बायकोला राजापासून दिवस गेले, ते झाकायला राजानं त्याला लढाईवरून बोलावून घेतलं, घरी जा म्हणाला. सोबती रानात पडलेत आणि मी घरी जाऊन निजू? तो राजवाड्याच्या दाराशीच झोपला. शेवटी त्याच्या मरणाची चिठ्ठी त्याच्याच हाती सेनापतीकडे गेली. या घराण्यात त्याचं टिपूसभर रक्त नाही, तरी त्याचं नाव येशूच्या वंशावळीत आहे. हजार वर्षांनंतरही दावीद राजाला त्या नावापासून सुटका नाही.

आणि मत्तयाला नावं गाळता येत नव्हती असंही नाही. त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट जुळवायचे होते. हिब्रूत अक्षरं आकडे म्हणूनही वापरतात, आणि ‘दावीद’ या नावातल्या अक्षरांची बेरीज 14 होते. योरामानंतर अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे त्यानं सरळ वगळलेत, राजांच्या इतिहासाशी ताडून बघा. सिंहासनावर बसलेले तिघे गेले. आणि राहिलं कोण? रस्त्याकडेला बुरखा घेऊन बसलेली तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबी रूथ, आणि मारला गेलेला उरीया.

आपण नेमकं उलटं करतो. मंडळीच्या शताब्दीची स्मरणिका काढा किंवा मुलीचा बायोडाटा लिहा, आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते हे पहिल्या ओळीत. दारूपायी शेत घालवलेला चुलता, सोडून दिलेली आत्या, त्यांचा पत्ता नाही. मग रविवारी आपण पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो, तीही एका सुरात, कुणाचा काय गुन्हा ते कळू नये अशी.

प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, वंशावळ्यांच्या नादी लागू नकोस असं लिहिलंय, हे कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. मान्य. पण त्याचा रोख वाद घालत बसणाऱ्यांवर आहे. ‘आमचा बाप अब्राहाम’ म्हणून मिरवणाऱ्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानंही तेच सुनावलं होतं, देव या दगडांतूनसुद्धा अब्राहामाला मुलं देईल म्हणून. वंशावळ मिरवायला वापरली की ती नासते.

बायबलातल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे नुसत्या वंशावळ्या, ते तर आपण गाडीतून शेजारचं गाव जातं तसे सोडतो. त्यातून उचलतो फक्त याबेस नावाच्या माणसाची प्रार्थना, ‘माझी सीमा वाढव’, आणि तिचे स्टिकर गाडीच्या काचेवर लावतो. त्याच चौथ्या अध्यायात पुढं तलम कापड विणणारी घराणी आहेत आणि राजाच्या कामावर असलेले कुंभार आहेत. त्यांनी काही मागितल्याचं लिहिलेलं नाही, ते काम करत होते एवढंच. सातव्या अध्यायात एफ्राइमाची मुलगी शेरा येते, तिनं खालचं आणि वरचं बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा बांधलं. एका वचनात एका बाईची तीन गावं! मला पन्नाशीपर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठं वाचलं होतं.

आमच्या घरी आजीचं पवित्र शास्त्र आहे. त्याच्या कोऱ्या पानांवर आजोबांनी टाकानं जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मरणं टिपलीत. सात भावंडं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पानावर सहा आहेत. सातवी आत्या. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेही बाहेर, आणि तिची ओळ ब्लेडनं इतकी सफाईनं खरवडलीय की कागद तिथं पातळ झालाय. उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.

वाचन झालं त्या रात्री मी ते पान काढलं. आईला विचारलं, लिहू का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “जपून लिही, तिथं कागद फाटेल.”