दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: “गॅसचा सेट घेतला, पैसे पाण्यात गेले”

नमस्कार सर,

तक्रार वाचली, फोटोही मोठे करून बघितले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाण्यातली झाडं लावलेला माशांचा टँक तीन फुटी, त्यात झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देणारा आमचा गॅसचा सेट. डावीकडची रोटाला ही पाणवनस्पती जोरात, उजवीकडचं हेअरग्रास (बुटकं पाणगवत) पिवळं पडून त्यावर काळं शेवाळ. पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणारा ड्रॉप चेकर मात्र हिरवागार, म्हणजे गॅस पुरेसा. आमच्या दुकानात विचारलं तर “बुडबुडे वाढवा” म्हणाले. वाढवल्यापासून लाईट गेली की मासे वर येऊन धापा टाकतात. आणि २ किलोचा सिलिंडर पाच आठवड्यांत संपला, म्हणजे आम्ही अर्धाच भरून दिला.

“बुडबुडे वाढवा” हा सल्ला चुकीचाच होता आणि तो आमच्या काउंटरवरून गेला. माफ करा. तुमच्या टँकला गॅस कमी पडत नव्हता, तो उजवीकडे पोचतच नव्हता.

सीओटू हवेत पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट सावकाश पाण्यात पसरतो. म्हणजे पाणी नेईल तिथंच तो जाणार. गॅसचे बारीक बुडबुडे सोडणारा तुमचा डिफ्युझर डाव्या मागच्या कोपऱ्यात, काठावर टांगलेला हँग-ऑन फिल्टर उजव्या कोपऱ्यात, आणि मधे ड्रॅगन स्टोन दगडांचा ढीग जवळजवळ वरपर्यंत. बुडबुडे सरळ वर जाऊन फुटतात आणि गॅस खोलीत जातो. ड्रॉप चेकरही डिफ्युझरपासून वीतभरच लांब. चढणारे बुडबुडे त्याच्या तोंडात शिरतात, मग हेअरग्रास उपाशी असलं तरी तो हिरवाच दिसणार.

दुसरी चूक फिल्टरची, तीही आमचीच. तीन बाय दीड बाय दीड म्हणजे माती-दगड वजा जाता दीडशे लिटरच्या आसपास पाणी. खोक्यावर ताशी ५०० लिटर लिहिलंय, स्पंज-मीडिया भरल्यावर तेवढंही मिळत नाही. प्लांटेड टँकमध्ये पाणी तासाला आठ-दहा वेळा फिरायला पाहिजे.

आता असं करा. ताशी ८०० ते १००० लिटरचा पॉवरहेड (पाण्यात बसवायचा छोटा पंप) डाव्या काचेला, पाण्याखाली चार बोटं, तोंड समोरच्या काचेलगत उजवीकडे आणि किंचित खाली. डिफ्युझर त्याच काचेवर, पॉवरहेडच्या तोंडाच्या थोडं पुढं, मातीपासून दोन बोटं वर. वर चढणारे बारीक बुडबुडे धारेत सापडतात, समोरून उजवीकडे जातात आणि दगडांच्या मागून परत येतात. हेअरग्रासची टोकं हळू डुलताना दिसली पाहिजेत. डुलत नसतील तर तोंड अजून खाली वळवा. ढिगातला मधला उंच दगड काढलात तर निम्मं काम तिथंच होईल, पण तो तुम्ही हौसेनं लावलाय हे दिसतंय, त्यामुळे आग्रह नाही. फिल्टरचं पाणी उंचावरून पडू देऊ नका, टँक त्याच्या ओठापर्यंत भरलेला ठेवा. पाण्यावर बारीक लहर हवी, खळखळाट नको.

ड्रॉप चेकर उजव्या मागच्या कोपऱ्यात, खाली लावा. त्यात टँकचं पाणी भरलंय असं तुम्हीच लिहिलंय. तिथं ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार द्रावणच लागतं. हिरवा रंग म्हणजे पीएच साधारण ६.६, ४ केएचला त्याचा अर्थ ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम) गॅस, पण बोअरच्या १२ केएचच्या पाण्याला तोच हिरवा ९० पीपीएम सांगतो. तुमच्या टिळकवाडीत कधी नळाचं, कधी बोअरचं पाणी भरलं जातं, मग त्या रंगावर भरवसा कसा ठेवायचा? रंग बदलायला दोन तास लागतात, म्हणून बुडबुडे एकदा बदलले की दोन तास हात लावू नका. टँकचा दिवा लागण्याच्या दोन तास आधी गॅस चालू, दिवा बंद होण्याच्या तासभर आधी गॅस बंद.

धापांचं कारण वायरिंगमध्ये आहे. फोटोत सोलेनॉइडची (गॅस चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) पिन राउटरच्या बोर्डात, म्हणजे इन्व्हर्टरवर. फिल्टर साध्या लाईनवर. लाईट गेली की पाणी थांबतं आणि गॅस चालूच राहतो. दोन्ही एकाच लाईनवर घ्या. साध्या लाईनवर असतील तर लाईट जाताच सोलेनॉइड आपोआप बंद होतो. बुडबुडे आजच पूर्वीइतके कमी करा.

सिलिंडरबद्दल मात्र आम्हाला मान्य नाही. आत द्रव असेपर्यंत प्रेशरचा काटा जवळजवळ तिथंच राहतो आणि शेवटी एकदम पडतो. त्यावरून अर्धा की पूर्ण ते कळत नाही, वजनच करावं लागतं. मानेवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. तुमच्या बुडबुड्यांच्या हिशेबानं २ किलो दोन-तीन महिने तरी जायला पाहिजे, म्हणजे कुठंतरी गळती आहे. रेग्युलेटर जिथं सिलिंडरला बसतो तिथं साबणाचं पाणी लावून बघा, वॉशर दबलेला असणार. नळीही सिलिकॉनची दिसते, तिच्यातून गॅस झिरपतो. पीयू (पॉलियुरेथेन) नळी घ्या.

फिल्टर परत आणा, त्याची पूर्ण किंमत पॉवरहेड किंवा कॅनिस्टर फिल्टरमध्ये वळती करू. वॉशर आणि दोन मीटर पीयू नळी आमच्याकडून. सिलिंडर पुढच्या वेळी भरताना तुमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवू, आकडा बिलावर लिहून देऊ.