मामांकडे स्टार ट्रेक बघायला जाताना

गेल्या रविवारी आमचे भाचेजावई आले होते. हिंजवडीत चांगल्या हुद्द्यावर आहेत, स्वभावाने गरीब आहेत, भाचीला सुखात ठेवतात. त्यांच्याबद्दल माझी काही म्हणजे काही तक्रार नाही, आणि हा लेख त्यांच्यावर नाही. तो तुमच्यासाठी आहे. कारण प्रत्येक घराण्यात एक तरी मामा असा निघतो, की पन्नाशी उलटली तरी १९६६ सालच्या एका अमेरिकी मालिकेवर जीव टाकून बसलेला असतो. आज ना उद्या तुम्ही त्याच्या तावडीत सापडणार. तेव्हा काय करायचं, एवढंच सांगतो.

सुरुवात दारातच करा. चपला काढता काढता विचारायचं, "मामा, आज स्टार वॉर्स ना?"

मामा म्हणतील, तो सिनेमा, १९७७चा. ही मालिका, त्याच्या अकरा वर्षं आधीची. त्यात तलवारी, यात नाहीत. ते हे सांगत असताना आत जाऊन चार्जर कुठे लावता येईल ते बघून ठेवा. पुढे लागतो.

मालिका सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत ग्राफिक्सला हसायचं. हे फार सोपं आहे, कारण सगळं खोटं दिसतंच. दगड पुठ्ठ्याचे आहेत. यानाची दारं आपोआप सरकतात असं वाटतं, ती मागे उभी राहिलेली माणसं ओढायची. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या हातात जी डॉक्टरी उपकरणं आहेत, त्यांतली काही चक्क मिठाच्या डब्या आहेत. मीठ खाणाऱ्या राक्षसिणीच्या भागासाठी आणल्या, पण त्या इतक्या झकपक निघाल्या की मिठाच्या वाटेनात, म्हणून डॉक्टरला दिल्या. माणूस चमचमत गायब होतो आणि ग्रहावर उगवतो, ती युक्तीसुद्धा कुठल्या महान शास्त्रीय चिंतनातून आलेली नाही. दर आठवड्याला यान जमिनीवर उतरवून दाखवायला पैसे नव्हते.

मामाला हे सगळं माहीत असतं. तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तरीही तुम्ही हसा. मग संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाला जा, दोन ठोकळे आणि एक चादर यांच्यावर उभा राहिलेला अख्खा राजवाडा बघून डोळे पुसा, आणि बाहेर चहा पिताना म्हणा, "काय ताकद आहे हो पोरांत!" ठोकळा पुण्यातला असला की प्रतीकात्मक नेपथ्य, परदेशातला असला की फालतू ग्राफिक्स. एवढा विवेक हवाच.

किती वेळा बघितलंत, असं अधूनमधून विचारत राहा. आकडा ऐकून मामींकडे बघा.

"यात आपलं काय?" हाही चांगला प्रश्न आहे. मामा लगेच पर्सिस खंबाट्टा काढतील. १९६५ची मिस इंडिया, मुंबईची, १९७९च्या पहिल्या स्टार ट्रेक सिनेमासाठी डोक्याचा पूर्ण गोटा केला होता तिने. खान नूनियन सिंग हा खलनायकही काढतील. तो मात्र काढू नये. नाव असं आणि नट मेक्सिकोचा. पण मला विचाराल तर 'आपलं' काय होतं ते वेगळंच आहे, आणि ते सांगायची संधी तुम्ही मामाला बिलकुल देऊ नका, नाहीतर तो नारायण पेठेत शिरेल.

मी शिरतोच. आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं आणि एक टीव्ही. समोरच्या काकूंचा, लाकडी शटरचा, कृष्णधवल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर हे यान यायचं. चित्र हललं की दादा कौलांवर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "सिंहगडाकडे वळव, सिंहगडाकडे!" कारण टॉवर तिथे. माझ्या लेखी एंटरप्राइझ अनेक वर्षं सिंहगडावरूनच निघत होतं. आम्हाला इंग्रजी रुपयात दोन आणे समजायचं. लाल शर्टवाला ग्रहावर उतरला की मेलाच, हा जगभरचा विनोद मला वीस वर्षांनी कळला, कारण आमच्या टीव्हीवर सगळ्यांचेच शर्ट राखाडी होते. कोण मरणार ते आम्हाला खरंच ठाऊक नसायचं!

त्या यानाच्या ब्रिजवर, म्हणजे यान चालवायच्या खोलीत, एक रशियन बसायचा. ऐन शीतयुद्धात. शेजारी जपानी वंशाचा सुलू. ते काम करणारा जॉर्ज टाकेई लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेच्याच छावणीत डांबला गेला होता, केवळ वंश जपानी म्हणून. मागे कृष्णवर्णीय उहुरा. ते काम करणारी निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाली होती, तिला खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबवलं. हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत असायला? आम्हाला एवढंच दिसायचं, की ही सगळी माणसं एका खोलीत बसतात आणि कामं करतात. आणि इकडे वाड्यात दोन बिऱ्हाडं नळाच्या पाळीवरून तीन वर्षं बोलत नव्हती. रविवारी सकाळी मात्र काकूंच्या खोलीत दोन्हींकडची पोरं मांडीला मांडी लावून, आणि दोन्हींकडच्या आया खिडकीत.

यानावरच्या स्पॉकचा तो बोटांचा सलामही तेव्हाचाच. करंगळी-अनामिका एकीकडे, मधलं बोट-तर्जनी दुसरीकडे. माझी अनामिका ऐकायची नाही, म्हणून शाळेत बाकाखाली ती करंगळीला सुतळीने बांधून बसायचो. आईला वाटलं बोटाला काही झालं. स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने ही खूण लहानपणी सिनॅगॉगमध्ये पुरोहितांना आशीर्वाद देताना बघितली होती आणि सेटवर तीच वापरली, हेही फार उशिरा वाचलं. दादा हल्ली न्यू जर्सीत असतो. २०१५च्या फेब्रुवारीत निमॉय गेला त्या दिवशी त्याचा संदेश आला, त्यात फक्त ती खूण. मीही तीच पाठवली. आई गेली तेव्हासुद्धा आम्ही एवढं कमी बोललो नव्हतो.

असो. सूचना राहिल्या.

"याचा उपयोग काय झाला?" असं विचारायला विसरू नका. मामा बहुधा म्हणतील, मोबाइलची कल्पना यातूनच आली. ही मामांची चूक आहे. प्रेमाला असली पावती दाखवायची नसते. त्यापेक्षा त्यांनी पत्रांची गोष्ट सांगावी, कारण ती पुणेकराला पटते. १९६७-६८च्या सुमाराला मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ट्रिंबल नावाच्या जोडप्याने चाहत्यांना पत्रं लिहायला लावली. इतकी पत्रं गेली की मालिका पुढच्या वर्षीही चालू राहणार, हे वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं. लोकशाहीचा विजय. मग वाहिनीने ती शुक्रवारी रात्री दहाला टाकली, म्हणजे ज्यांनी पत्रं लिहिली ती तरुण मंडळी घराबाहेर असतात नेमकी तेव्हा. आणि एवढी शाई आटवून तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग काय मिळाला? स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. अक्षरशः. कवटीतून. तो भाग मी कुणाला दाखवत नाही. पाहुणे फारच रेंगाळले तर लावतो.

शेवटचा, एकोणऐंशीवा भाग ३ जून १९६९ला लागला आणि दुकान बंद झालं. त्यानंतर दीड महिन्यात माणूस चंद्रावर! एवढी वेळ साधलेली बघितली की ते वाहिनीवाले आपलेच कुणीतरी असावेत असं वाटतं. पण चाहते काही सुधारले नाहीत. १९७६मध्ये पुन्हा पत्रं लिहिली आणि नासाच्या पहिल्या स्पेस शटलला एंटरप्राइझ हे नाव द्यायला लावलं. नाव मिळालं. फक्त ते शटल चाचण्यांपुरतं होतं. अवकाशात कधी गेलंच नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहून खड्डा बुजवून घेतलेला आणि पंधरा दिवसांत पाइपलाइनसाठी तोच खणलेला बघितलेला माणूसच या चाहत्यांचं दुःख समजू शकतो.

भाग दीडपट वेगाने लावायला सांगा. "फारच स्लो आहे" म्हणायचं.

आता मुख्य सूचना. ही नीट ऐका, हिच्यासाठीच बसलोय.

मामा जर 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा १९६७चा भाग लावत असतील, तर समजा की त्यांनी तुम्हाला आपलं माणूस मानलं आहे. त्यांनी पडदे ओढलेत, मामींकडून मटार करंज्या करून घेतल्यात, आवाज दोनदा तपासलाय. गोष्ट अशी. यानाचा कप्तान कर्क आणि स्पॉक काळात मागे, १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतात. मंदीचे दिवस. तिथे ईडिथ कीलर नावाची बाई भुकेल्यांना सूप वाढते आणि त्यांना सांगते की पुढे चांगले दिवस येणार आहेत. कर्क तिच्या प्रेमात पडतो. स्पॉक जुळवाजुळव करून एक यंत्र बनवतो आणि त्यात दिसतं, की ती वाचली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरते आणि हिटलर जिंकतो. तिला मरावं लागणार. गाडीखाली. आणि कर्कने नुसतं बघत राहायचं नाही, तर तिला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला धरून ठेवायचं.

तर तो क्षण आला. ईडिथ रस्त्यात उतरली. मॅकॉय धावला. कर्कने त्याला आवळून धरला. मी चाळीस वर्षं हा प्रसंग बघतोय आणि अजून माझी मूठ वळते. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून,

"हां दादा, बी विंग. चौथा मजला. नाही नाही, लिफ्ट चालू आहे. या वर. ओटीपी घ्या, सात, चार, चार…"

ईडिथ गेली. मॅकॉय विचारतोय, तुला कळतंय का काय केलंस. स्पॉक जे बोलतो ते पाच शब्दांचं आहे, अख्ख्या एकोणऐंशी भागांतलं सगळ्यात जड वाक्य आहे, आणि ते या रविवारी माझ्या हॉलमध्ये कुणालाही ऐकू आलं नाही, कारण दारावर बेल वाजत होती. काय मागवलं होतं? मोबाइलचं कव्हर. माझ्या पत्त्यावर! "इथे असणार होतो ना मामा, म्हणून."

करंजी तोंडात, कव्हर हातात, आणि भाचेजावई विचारतात, "मेली का ती? मग परत टाइम ट्रॅव्हल करून वाचवायची ना."

पन्नास मिनिटांची गोष्ट. एकच गोष्ट. ती वाचवता येत नाही, हीच गोष्ट. माणसाला सगळी ताकद आहे, यान आहे, काळाचं दार उघडं आहे, आणि तरी हात आवरून उभं राहायचं आहे. वाचवायची ना म्हणे! सोळा वर्षांच्या मुलाने म्हटलं असतं तर मी समजावलं असतं. चौतीस वर्षांचा माणूस, दोन पगारवाढी, एक गृहकर्ज!

आणि वर काय, तर "मामा, तुमच्या काळात दुसरं काही नव्हतं ना, म्हणून तुम्हाला हे ग्रेट वाटतं."

नव्हतं, मान्य. एक टीव्ही, तोही दुसऱ्याचा. पण जे होतं ते आम्ही बघत होतो. नुसतं बघत होतो. भाषा येत नव्हती तरी बघत होतो, चित्रात मुंग्या आल्या तरी बघत होतो, कौलांवरचा भाऊ "आता? आता?" विचारत होता आणि आम्ही त्याला "जरा डावीकडे" सांगताना मान न वळवता बघत होतो. तुमच्याकडे भिंतीएवढा पडदा आहे, खाली अक्षरं उमटतात, हवं तिथे थांबवता येतं, आणि तुम्हाला अकरा मिनिटं एका जागी नजर ठेवता येत नाही. मग मालिका स्लो! मालिका स्लो नाही हो. तुम्ही तिथे नसताच.

नाही आवडली तर नका बघू. मी कुणाच्या घरी जाऊन लावून देत नाही. पुठ्ठ्याचे दगड आहेत, कर्क नको तिथे शर्ट फाडून घेतो, कित्येक भाग भिकार आहेत, हे मीच सांगतो तुम्हाला. पण "दाखवा ना मामा" म्हणून यायचं, माझ्या सोफ्यावर बसायचं, हिने सकाळपासून लाटलेल्या करंज्या खायच्या, आणि एका बाईच्या मरणावर ओटीपी सांगायचा, याला नावड म्हणत नाहीत. याला वळण नसणं म्हणतात. मैफलीत भैरवीला उठून जाणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? तेच.

सोमवारी सकाळी त्यांचा संदेश आला. "मामा सॉरी हं काल. तो स्पॉक शेवटी काय म्हणाला? शोधलं, रीलमध्ये सापडत नाहीये."

सांगणार नाही. रविवारी या. करंज्या मिळणार नाहीत. फोन चपलांच्या कपाटात ठेवायचा, आणि कुणाला काही मागवायचं असेल तर स्वतःच्या पत्त्यावर.