इंजेक्शन कुणाच्या हातात द्यायचं?

पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य शिकवणारा विषय, आपण कसा उरकतो, हे प्रत्येक मेडिकोला ठाऊक आहे. परीक्षेच्या तोंडावर नोट्स चाळायच्या, आणि इंटर्नशिपमध्ये पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग लागलं की लॉगबुकवर सह्या घेऊन उरलेला वेळ ‘नीट-पीजी’ या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या एमसीक्यूंना द्यायचा. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आरोग्यातल्या विषमतेशी महाराष्ट्रात जे खरोखर भिडले, त्यांना दिशा याच विषयाने दिली.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला आले. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य त्याहून एक पाऊल पुढे गेलं. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर घरातच जेंटामायसीन हे अँटिबायोटिक टोचायला त्यांनी गावातल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना शिकवलं. आजही वॉर्डात हे सांगितलं तर भुवया उंचावतात. पण ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हा नवजात बालमृत्यू तब्बल ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढे २०११ मध्ये बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचं हे काम देशभरातल्या आशांकडे, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे आलं.

नेतृत्व म्हणतात ते मला इथे दिसतं. डिग्रीने हाती आलेलं ज्ञान ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या दारापर्यंत पोचवायचं, आणि ते त्याच्याच शेजारणीच्या हाती सोपवायचं. कॉलेजात मात्र आपण नेमकं उलटं शिकतो: आपल्याशिवाय कुणाला काही जमू नये.

पोस्टिंगमध्ये मी एका आशाताईंबरोबर बाळंतिणीच्या घरी गेलो होतो. त्यांनी आधी हात धुतले, बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घेतलं, मग दुपटं बाजूला करून घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. बाळ रडायला लागल्यावर मोजणी थांबवली, ते शांत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या ओपीडीच्या गर्दीत इतका धीर मी क्वचितच पाहिलाय.

ज्युनिअर्सना एवढीच विनंती आहे. रुरल पोस्टिंगला गेलात की सहीपुरतं थांबू नका. आशाताईंबरोबर एका तरी घरी जा आणि श्वास मोजायला त्यांच्याकडून शिका.