घराचा हप्ता जुलैच्या कमाईवर ठरवा

कमिशनवर घर चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. विमा प्रतिनिधी, गाड्यांच्या शोरूममधले सेल्समन, पिग्मी गोळा करणारे, मार्केट यार्डातले दलाल, प्लॉट-फ्लॅट दाखवणारे, सगळेच. आपल्यातले बरेच जण सध्या घर बघताहेत. आपल्या कोल्हापुरात आणि आसपास, कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, फुलेवाडी, उचगाव. रविवार उजाडला की बायकापोरांना घेऊन सँपल फ्लॅट बघायला जायचं. घर घ्यावं, जरूर घ्यावं. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायलाही विचारावं लागतं, ते मी भोगलंय. पण हप्ता ठरवताना आपल्या लाइनीतली माणसं जे गणित मांडतात ते बघून जीव तुटतो. वर्षाची कमाई भागिले बारा, आणि त्याच्या निम्मा हप्ता.

हे गणित पगारदाराचं आहे. आपलं वर्ष कसं असतं ते एकदा कागदावर लिहून बघा. उदाहरण म्हणून आमच्या विम्याच्या कामातलं एक मध्यम वर्ष घेऊ. एप्रिल ४२ हजार, मे ४८, जून २८, जुलै २४, ऑगस्ट २६, सप्टेंबर ४५, ऑक्टोबर ६०, नोव्हेंबर ५५, डिसेंबर ६२, जानेवारी ७०, फेब्रुवारी ९० आणि मार्च एक लाख सत्तर हजार. बेरीज ७ लाख २० हजार. सरासरी महिना ६० हजार. बँक दोन-तीन वर्षांची आयकर रिटर्न्स बघते, हीच सरासरी धरते आणि म्हणते, तीस हजारांचा हप्ता झेपेल. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर त्या हप्त्यात साधारण साडेचौतीस लाख कर्ज बसतं. कागदावर सगळं बरोबर आहे.

आता जून, जुलै, ऑगस्ट बघा. तीन महिन्यांत हातात आले ७८ हजार आणि हप्ते गेले ९० हजार. किराणा, शाळेची फी, पेट्रोल, आईची औषधं यातलं अजून काहीच धरलेलं नाही. मग माणूस पतसंस्थेत जातो, नाहीतर बायकोच्या पाटल्या गुजरीतल्या सराफाकडं गहाण जातात. दिवाळीला सोडवू म्हणतात. दिवाळीला कपडे, फराळ, पाहुणे येतात आणि पाटल्या मार्चवर ढकलल्या जातात. मार्च चांगला गेला तर सुटल्या. नाही गेला तर? मार्च दरवर्षी सारखा जातो असं आपल्यातल्या कुणीही छातीवर हात ठेवून सांगावं.

बँकेचा यात दोष नाही. तिनं मोजली ती पात्रता. आपली ऐपत आपणच मोजायची असते, आणि ती मोजायची रीत आपल्याच गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही गावातलं शेतकऱ्याचं घर बघा. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूध बिलावर चूल चालते. उसाचं बिल आलं की माडी चढते, लग्न होतं, बोअर मारलं जातं. दुधाचं बिल थोडं असतं, पण चुकत नाही. उसाचं मोठं असतं, पण कारखाना कधी सुरू होणार, दरावरून आंदोलन किती दिवस चालणार, कायद्यानं १४ दिवसांत मिळायची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, खरोखर कधी खात्यावर पडणार, यातलं काहीच शेतकऱ्याच्या हातात नसतं. म्हणून शहाणी बाई रोजचा खर्च उसाच्या भरवशावर करत नाही.

विम्यात आमचं दूध म्हणजे रिन्यूअल. जुन्या पॉलिसींचे हप्ते भरले जातात तसं त्यांचं थोडं थोडं कमिशन येत राहतं. नवीन पॉलिसीचं पहिल्या वर्षाचं कमिशन हा ऊस. वरच्या ७ लाख २० हजारांत रिन्यूअल समजा ३ लाख १० हजार असेल, तर घराचे वर्षाचे बारा हप्ते त्या ३ लाख १० हजारांच्या आत बसले पाहिजेत. आणि त्यातला प्रत्येक हप्ता एकट्या जुलैच्या कमाईतूनही फिटला पाहिजे. जुलैचा किराणा मार्चमध्ये बाजूला काढलेल्या पैशांतून आणता येतो. घरखर्च थोडा आवळताही येतो. हप्ता आवळता येत नाही. म्हणून २४ हजारांच्या जुलैला १९ हजारांचा हप्ता, म्हणजे साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी साधारण २२ लाखांचं कर्ज. बँक साडेचौतीस देत होती. मधले साडेबारा लाख सोडून देणं फार जड जातं, मला माहीत आहे. त्या साडेबारा लाखांतच तिसरी खोली असते, पार्किंग असतं, पाहुण्यांनी ‘वा’ म्हणणं असतं. तरी सोडा.

आमच्या शाखेतला एक तरुण मुलगा आहे. कामाला वाघ. लाइनीत येऊन थोडीच वर्षं झालीत, त्यामुळे कमाई चांगली पण जवळपास सगळी नवीन धंद्यातली, रिन्यूअल अजून साचलेलं नाही. घरात लग्नाचं बघताहेत आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे का? तो मला म्हणाला, “ताई, बँक तीस लाख द्यायला तयार आहे, घेऊन टाकू का?” मी म्हटलं, “अजून दोन मार्च थांब. तुझी पर्सिस्टन्सी टिकव, म्हणजे काढलेल्या पॉलिसी बंद पडू देऊ नको. रिन्यूअल महिन्याला पंधरा हजारांवर जाऊ दे, मग आपण दोघं जाऊन घर बघू.” त्याचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, पण माझं मत बदललेलं नाही. त्याच्या वयाच्या मुलींच्या आईवडिलांनाही सांगावंसं वाटतं. भाड्याच्या घरात राहणारा, अंगावर कर्ज नसलेला आणि गिऱ्हाईक राखून असलेला मुलगा हे वाईट स्थळ नाही हो.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्यांनी ध्यानात धरावी. मार्च एंडिंगला काढलेल्या पॉलिसीचं कमिशन आलं म्हणजे ते आपलं झालं, असं नसतं. गिऱ्हाइकाला फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायचे, ३० दिवस असतात. त्यानं पॉलिसी परत केली की कमिशनही परत जातं. त्यामुळं मार्चचा आकडा मेच्या आधी पक्का धरू नये. नेमका त्याच दिवसांत पैसा हातात खेळत असतो आणि बुकिंगचा मोह होतो. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानं नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कुणी ‘आत्ता पाच लाख द्या, भाव धरून ठेवतो’ म्हणालं तर हे आठवा.

नवरा-बायको दोघंही कमिशनवर असतील तर जास्तच जपायला हवं. आमच्या घरात मी विम्यात आणि माझा नवरा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. लोक म्हणतात, दोन कमाया आहेत, एक बसली तर दुसरी आहे. आमचा अनुभव तसा नाही. ट्रॅक्टर खपतो दसरा, दिवाळी, पाडव्याला आणि उसाचं बिल आल्यावर. माझ्याकडं पॉलिसी काढणारा शेतकरी, कृषी दुकानदार, वाहतूकदार, ह्यांच्याकडंही पैसा त्याच बिलातून येतो. पावसाळ्यात दोघांचेही फोन एकदमच गप्प होतात. दोन कमाया दोन पाण्यांवर असतील तरच एक दुसरीला आधार देते. एकजण पगारावर आणि एकजण कमिशनवर असाल, तर तुमचं गणित आमच्यापेक्षा खूप सोपं आहे. हप्ता पगारातून द्या आणि कमिशन बाजूला ठेवा.

घराच्या किमतीवरचा खर्च लोक धरतच नाहीत, आणि बँक त्याला कर्ज देत नाही. ३० लाखांचं घर घेतलं तर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसूनही १ टक्का जीएसटी, म्हणजे आणखी ३० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. कर्ज २२ लाख घेतलं तर वरचे ८ लाख आपले. म्हणजे १० लाख ४० हजार रोख लागले, आणि अजून वकील, लाइट मीटर, सोसायटीची अनामत, किचन ट्रॉली, पडदे व्हायचेच आहेत. मी बारा लाख हातात असल्याशिवाय या व्यवहारात उतरा असं कुणाला सांगणार नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथं सरळ ३० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती सवलत जाते. कर्जाला तो सहअर्जदार राहू शकतो. ३० हजारांसाठी म्हणून का होईना, चार घरं बायकांच्या नावावर होतील, याचा मला मनापासून आनंद आहे.

स्वस्तातलं घर शोधताना पुराचं बघा. २०१९ आणि २०२१ आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. महामार्ग बंद, शहर तोडलेलं. आता विचार करा, तो जुलै-ऑगस्टच होता, आपल्या सगळ्यात कमी कमाईचा काळ. पूररेषेतलं घर दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळालं तरी त्याचं नुकसान नेमकं त्याच महिन्यांत येणार ज्या महिन्यांत आपल्या खिशात काही नसतं. पुराची निळी रेषा, लाल रेषा कुठून जाते ते पूररेषेच्या नकाशावर स्वतः बघा आणि शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. बिल्डरच्या माणसाला विचारू नका.

व्याजाचंही तसंच. आपली कमाई हलती, आणि गृहकर्जाचं व्याजही हलतं. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. २२ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला ७ टक्क्यांनी १७ हजारांच्या आसपास असणारा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी साडेवीस हजारांवर जातो. २०२५ मध्ये दर खाली आले म्हणून आज हप्ता हलका वाटतोय. हलका वाटतोय म्हणून मोठं कर्ज काढू नका.

घर बुक करण्याआधी वर्षभर हप्त्याचा सराव करा. हप्ता आणि आजचं भाडं यातला फरक दर महिन्याला ठरल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाकायचा. सराव जूनमध्ये सुरू करा. जानेवारीत सुरू केला तर पहिले तीन महिने इतके सोपे जातील की जूनच्या आत तुम्ही करारावर सही करून बसाल. जून, जुलै, ऑगस्टला तो पैसा कुणाकडं न मागता खात्यात गेला, तर ते घर तुमचं आहे. नाही गेला, तर घर लहान करा किंवा थोडं थांबा. सरावाचे साठलेले पैसे कुठं जात नाहीत. त्यातून किमान सहा हप्त्यांची गंगाजळी होईल, आणि ती कर्ज सुरू झाल्यावरही मोडायची नाही.

मार्चचा पैसा मग कशाला? आधी गंगाजळी भरायला आणि नंतर मुद्दल फोडायला. हलत्या व्याजाच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. २२ लाखांच्या कर्जात दर मार्चला एक लाख जास्तीचे भरले तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज साधारण दहा वर्षांत संपतं. भरताना लेखी सांगा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्जही देतात. मार्चचा पैसा त्या खात्यात टाकला की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि ऑगस्टला गरज पडली तर काढता येतो. व्याजदर किंचित जास्त असतो, पण आपल्यासारख्यांना तो देणं परवडतं.

रिटर्न पूर्ण उत्पन्नाचं भरा, हेही सांगते. कमिशनवाल्यांना अंदाजे नफ्याची सोपी योजना लागू नाही, जमाखर्च ठेवावाच लागतो. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मग उत्पन्न लपवून मिळवायचं काय? उलट बँकेत आपलीच किंमत कमी होते.

शेवटी बँकांशी बोलायचंय, विशेषतः आपल्या जिल्ह्यातल्या सहकारी बँकांशी. तुम्ही पीककर्ज देता तेव्हा परतफेड पिकाच्या हंगामाला धरून ठरवता. ऊस गेल्यावर वसुली होते. शेतकऱ्याकडं जुलैत मुद्दल कुणी मागत नाही, कारण तेव्हा त्याच्याकडं पैसा नसतो हे तुम्हाला ठाऊक असतं. मग ज्या माणसाची कमाई त्याच शेतकऱ्याच्या बिलावर उभी आहे, त्याच्या घराच्या कर्जाला जून ते ऑगस्ट लहान हप्ता आणि फेब्रुवारी-मार्चला मोठा हप्ता का लावता येऊ नये? आमच्या खात्यांचे उतारे तुमच्याकडंच आहेत, कुठल्या महिन्यात काय येतं ते तुम्हाला दिसतं. कुणी बँकेत अधिकारी किंवा संचालक मंडळावर असेल तर या प्रश्नाचं उत्तर खाली लिहा. नियम आड येत असेल तर कुठला नियम तेही सांगा. ते कळलं की पुढं कुणाकडं मागणी करायची हे तरी आम्हाला ठरवता येईल.